देवापुढचा जाड बुश

आसमीन तिच्या आईबरोबर, रोशनबींबरोबर, आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. शिरूरला आयटीआय करून ती आनंदरावांच्या वर्कशॉपमध्ये तपासणीच्या कामाला लागली. रांजणगावच्या एका कंपनीसाठी तिथे लोखंडी बुश, म्हणजे यंत्रात बसवायच्या आखूड नळ्या, तयार होतात. संध्याकाळी स्कूटी लावली की ती घटकाभर माझ्याजवळ बसते.

मागच्या हिवाळ्यात कंपनीकडून दोनदा माल परत आला. बुश जाड भरत होते. आनंदराव रागावले नाहीत. पुन्हा माल परत आला तर तपासणीला दुसरे माणूस बघावे लागेल, एवढेच म्हणाले. रोशनबींचे डोळे अधू झाल्यापासून शिवणकाम बंद आहे. घर आसमीनच्याच पगारावर चालते.

तिने परत आलेल्या नगांवरच्या तारखा उत्पादनाच्या तक्त्याशी ताडून पाहिल्या. सगळे नग शुक्रवार सकाळचे निघाले. गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत थंड पडलेले लेथ मशीन तापेपर्यंत जाड माल काढत होते. मग ते पहिल्याच नगाला कसे कळले नाही? तपासणीच्या तक्त्यात त्या नगापुढे माप नव्हते, नुसते ‘ओके’ होते.

ते लिहीत दगडोबा, तिथले सर्वांत जुने कारागीर. शुक्रवारी ते मशीनला उदबत्ती ओवाळून नारळ फोडत. त्यानंतरचा पहिला नग म्हणजे भवानी. तो खराब म्हणून लाल पेटीत टाकला तर आठवडा वाईट जातो, असे ते मानत. पहिला नग पास, म्हणून मशीनचे सेटिंग बदलायचे नाही, आणि चहापर्यंत पुढचे माप कोणी घेत नसल्याने सगळा माल तसाच जाड.

त्यांच्या देवधर्मात आपण कसे बोलावे, असे आसमीनला वाटे. शेवटी एका शुक्रवारी नारळ फुटल्यावर ती त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

“मामा, पहिला नग लाल पेटीत नको. देवापुढंच ठेवा. फक्त आधी मला मापू द्या.”

“देवाच्या नगाचंबी इन्स्पेक्शन करती व्हय गं?”

“देवाला काय, जाड असला तरी चालतो. कंपनीला न्हाई चालत.”

दगडोबा हसले. नग मापला, जाडच होता. तिने आकडा लिहिला, त्यांनी तो मशीनजवळच्या गणपतीच्या फोटोपुढे ठेवला आणि दुसरा नग लावण्याआधी स्वतःच सेटिंग बदलले.

तो माल रांजणगावला गेला आणि परत आला नाही. गणपतीच्या फोटोपुढे आता बुशांची रांग लागली आहे. आसमीनला शुक्रवारी यायला जरा उशीर झाला, तर दगडोबा मशीन थांबवून दारात उभे राहतात.

“चल लवकर, देव खोळंबलाय.”