पहिल्या बटणावरचा श्री

हे गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी माळ्यावरून गल्ल्याचं जुनं यंत्र खाली काढलं. पुसताना पहिल्या बटणाशी हात थांबला आणि एकटीच हसले. घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं असेल.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे धाकट्या दिरांनी ते मस्कतहून आणलं. मालवणच्या बाजारात आमचं किराणा दुकान. यजमानांना यंत्राचं लहान मुलासारखं कौतुक, पण त्यात मालाची नावं इंग्रजीत भरायची, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी बी.ए., घरात पुस्तकं वाचणारी. आता त्याचा उपयोग होणार म्हणून सगळे खूश.

प्रत्येक अक्षराला एक आकडा होता. मांडीवर पुस्तिका उघडून मी आकडे दाबत बसायची. एका नावाला घरं आठच. काजूगर बसले. उकडे तांदूळ ‘उकडे तां’वर थांबले. मालवणी मसाल्यातला मसाला बाहेरच राहिला, आणि पुढे किती दिवस आमच्या पावतीवर मालवणी पावशेराने विकला जात होता.

खरी अडचण सासऱ्यांची होती. दर दिवाळीला ते नव्या वहीच्या माथ्यावर श्री लिहीत आणि मगच पुढचं पान हलत असे. यंत्राच्या पावतीच्या माथ्यावर मात्र कारखान्यातूनच आलेला ‘थँक यू’चा शिक्का उमटे.

“विकूच्या आदीच आभार?” सासरे म्हणाले. “ज्याच्या माथ्यार श्री नाय, ता माझ्या गल्ल्यार बसाचा नाय.”

दीर परत जाताना यंत्रही परत जाईल, असं त्यांनी सांगून टाकलं. ह्यांचा चेहरा उतरला. रात्री जेवणातही लक्ष नव्हतं. पानात वाढलेली सोलकढी तशीच राहिली, तेव्हा मला प्रकरण गंभीर वाटलं.

शिक्का बदलता येत नव्हता. मग मी पहिल्या बटणावरचा नारळ पुसला आणि तिथे इंग्रजी पाच अक्षरांत श्री लिहिला. प्रत्येक पावतीची सुरुवात त्या बटणाने करायची. सासऱ्यांना ते पटलं. गल्ल्याला हळदकुंकू लागलं.

सकाळी पहिले गिऱ्हाईक आले ते पलीकडच्या आळीतले निवृत्त तलाठी. ह्यांनी श्री दाबला. यंत्र ओरडलं. पुन्हा दाबला, पुन्हा ओरडलं. किंमत घातल्याशिवाय ते कुठलीच वस्तू पुढे सरकू देत नव्हतं, आणि आमचा श्री त्याच्या लेखी वस्तूच होता. हे घाबरले, आणि त्यांनी पाच पैसे घातले. त्याहून लहान नाणं गल्ल्यात दिसेना.

तलाठ्यांनी जन्मभर सातबारे तपासलेले. पावती त्यांनी चष्मा चढवून वाचली.

“देवाक पाच पैशे लावलास? आणि ते मी देवचे?”

मी आतल्या दारातून ह्यांच्याकडे पाहत होते. ते यंत्रावर हात ठेवून उभे होते, कुणी उचलून नेईल तसे. सासरे गादीवरून सावकाश उठले, कनवटीतून नाणं काढून गल्ल्यात टाकलं आणि तलाठ्यांकडे वळले.

“देवाचे मी भरतंय. तू साखर घेवन घराक जा.”

मग ह्यांच्याकडे न बघता म्हणाले, “रवांदे ता.”

यंत्र राहिलं, आणि सासऱ्यांच्या गादीशेजारी चिल्लरीची वाटी आली. दर पावतीला एक नाणं टाकायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. वाटी रिकामी झाली की गिऱ्हाइकांना थोडं थांबावं लागे, पण कुणी रागावत नसे. तलाठी तर मुद्दाम एकेक वस्तू वेगळी घेऊ लागले, म्हाताऱ्याला उठबस घडावी म्हणून.

परवा मी यंत्राची पिन लावली. दिवा लागला, पण आतली नावं सगळी पुसली गेली होती. काजूगर नाहीत, उकडे तांदूळही नाहीत. पुस्तिका शोधली, चष्मा लावला आणि पहिल्या बटणावर सावकाश पाच अक्षरं भरली. मग ते दाबलं.

यंत्र ओरडलं. मी पाच पैसे घातले.