सशाच्या कंदिलावरची चार अक्षरं

मला एक सांगा, भरवसा ठेवायचा कुणावर? खोक्यावर छापलेल्या अक्षरांवर, की खोकं विकणाऱ्याच्या तोंडावर? घाईनं उत्तर देऊ नका. मी नांदेडात तीस वर्षं कागद, स्टेशनरी आणि सजावटीचं सामान विकतोय. शाळा सातवीत सुटली, बाकीचं सगळं गल्ल्यावर बसून शिकलो. तरी मला याचं पक्कं उत्तर अजून देता येत नाही.

दुकानातला माल खपतो, किस्से मात्र साचत जातात. त्यांना ना एक्स्पायरी, ना रिटर्न! हे पुढचे सगळे गेल्या वर्षी एका महिन्यात साचले, आणि तेही एकाच सणाचे. सण आपला नाही बरं का. चीनचा!

*

वानखेडे मॅडम चौथीच्या वर्गाच्या बाई. मुदखेडहून रोज रेल्वेनं अप-डाऊन करतात, आणि गाडीला वेळ असला की माझ्या दुकानात टेकतात. त्या दिवशी आल्या त्या घाम पुसतच.

"शेठ, चीनचा सण पाहिजे."

"मॅडम, चीनचा माल हाय. सण ठेवत न्हाई."

त्यांच्या शाळेनं 'जगातले सण' असा कार्यक्रम काढला होता. प्रत्येक वर्गानं चिठ्ठी उचलायची, त्या देशाचा सण पोरांकडून हातानं करून घ्यायचा. "शेजारच्या बाईंना नाताळ निघाला हो! लाल टोपी घातली की झालं. मला निघाला चीन. तुमच्या दुकानातलं निम्मं सामान तिकडचं, तुम्हाला काहीतरी माहीत असेलच."

गिऱ्हाइकासमोर 'माहीत नाही' म्हणायची मला सवय नाही. मी सरळ लातूरला भाचीला फोन लावला. प्रियंका चीनमधून डॉक्टर होऊन आलीय, आता लातुरातच एका दवाखान्यात आहे.

ती म्हणाली, "मामा, शरदातल्या पौर्णिमेला त्यांचा चंद्राचा सण असतो. घरचे सगळे अंगणात चंद्र बघत बसतात, गोड खातात, आणि पोरं कागदाचे कंदील घेऊन फिरतात."

"अगं, ही तर कोजागिरी झाली!"

मॅडमनी तिथंच भिंतीवरचं कॅलेंडर आणि हातातला फोन ताडून बघितला. त्या वर्षी दोन्ही पौर्णिमा एकाच दिवशी पडत होत्या! मॅडमचा चेहरा उजळला. "म्हणजे निम्मा अभ्यास तर झालेलाच आहे की."

*

पहिला रविवार माझ्या दुकानाच्या माडीवर. अठ्ठावीस पोरं, आणि कात्र्या नऊ. मॅडमनी गोष्ट सांगितली, की चीनची पोरं चंद्राकडे बघतात तेव्हा त्यांना तिथं ससा दिसतो.

"आम्हाला पण दिसतोय!" निम्मी पोरं ओरडली. उरलेली म्हणाली, हरीण दिसतं. पाच मिनिटं चांगलीच जुंपली.

"पण त्यांचा ससा नुसता बसत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याच्याजवळ खलबत्ता आहे. तो काहीतरी कुटतोय. काय कुटत असेल?"

मागच्या रांगेतून एकदम उत्तर आलं, "ठेचा!"

मॅडमनी सांगितलं, ठेचा नाही, औषध. त्यावर त्याच पोरानं विचारलं, "मग वर आजारी कोन हाय?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे बघितलं. प्रियंकाला विचारलं तर ती म्हणाली, "मामा, सहा वर्षं शिकले मी तिथं. हा प्रश्न मला एकदाही सुचला नाही!"

*

मग कंदील. फोनवर बघून सगळ्यात सोपा निवडला. लाल कार्डशीटला दुमड घालायची, कात्रीनं चिरा द्यायच्या, उलगडून गोल करायचं, वर कडी चिकटवायची. फोनमधलं पोरगं दीड मिनिटात करतं.

आमचे अठ्ठावीस झाले आणि दोरीला टांगले. मॅडम लांबून बघत राहिल्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "शेठ, हे कंदील वाटून राहिलेत का कोंबड्यांची खुराडी?"

त्यांना पाहिजे होता सशाचा कंदील. आत सांगाडा, बाहेर पातळ कागद, दोन उभे कान, आत दिवा. कामट्या तासायला हात पाहिजे, आणि तो हात ना त्यांच्याकडे, ना माझ्याकडे.

तेवढ्यात जैनब उठली. पुढच्या रांगेतली, दोन वेण्यांची. "मॅडम, आमच्या दादांना, म्हणजे आजोबांना, येतं. दादा सगळं करतात. पतंग, ताबूत, कंदील."

मॅडम खूश. "अरे वा! कोण तुझे दादा? शेठ, तुम्ही ओळखता का?"

ओळखतो का? इक्बालभाई! मी खाली वाकून कात्र्या मोजायला लागलो.

*

आता हा किस्सा हसायचा नाही, पण याच्याशिवाय पुढचे लागणार नाहीत.

इक्बालभाई सोळा वर्षं दर दिवाळीला मला आकाशकंदील करून द्यायचे. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, खाली झिरमिळ्या. सायकलला दोन्ही बाजूंनी बांधून आणायचे. लांबून बघितलं तर माणूस दिसायचा नाही, कंदीलच चालत येतायत असं वाटायचं!

सहा वर्षांपूर्वी मी प्लास्टिकचे घडीचे कंदील आणले. चीनचे, खोकीच्या खोकी. ते लावले पुढं, आणि इक्बालभाईंचे टांगले मागं, फायलींच्या रॅकवर. दिवाळीनंतर ते आले तेव्हा त्यांचे बहुतेक तसेच होते.

मी म्हणालो, "गिऱ्हाईक विचारतच न्हाई हो."

विचारणार कसं? दिसले तर विचारील!

त्यांनी एकदा रॅककडे बघितलं. मग पुढच्या खोक्यावरच्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं. "इसपे क्या लिखा है, शेठ?"

"काय की. चांगलंच असंल काहीतरी."

"जो पढ़ने को नै आता, उसपे भरोसा. हौर मेरे पे नै?"

आपले कंदील सायकलला बांधून ते गेले. त्यानंतर त्यांनी माझ्या दुकानाची पायरी चढली नाही. वाटेत दिसले तर मान हलवायचे, बस.  एका ओळीची माफी होती, ती सहा दिवाळ्या तोंडात धरून बसलो.

*

इक्बालभाई तयार झाले! पण अट घातली. शिकवीन ते शाळेच्या व्हरांड्यात, शेठच्या माडीवर नाही. मॅडमना कारण कळलं नाही आणि मी सांगितलं नाही.

कागद मात्र माझ्याकडूनच न्यावा लागणार होता, कारण तसला पतंगी कागद दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मग जैनब झाली आमची पोस्टमन. शाळा सुटली की दुकानात हजर.

"दादांनी विचारलंय, कागद दमट तर नाही ना?"

"सांग त्यांना, एकदम कोरडा हाय. शेठनी सांगितलं म्हण."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय म्हणाले दादा?"

"काही नाही. तुम्ही कोरडा म्हणालात म्हणून उन्हात वाळत घातलाय."

*

शाळेच्या व्हरांड्यात मी जायचो, पण खांबाच्या अलीकडे थांबायचो. पलीकडे इक्बालभाई, त्यांच्याभोवती पोरं. चाकूचं काम त्यांनी पोरांच्या हातात दिलं नाही. कामट्या घरून तासून आणल्या होत्या. पोरांनी फक्त वाकवायचं, दोरा गुंडाळायचा, कागद डकवायचा.

एकाच्या सशाचे कान फार लांब झाले. बाकीची पोरं "गाढव, गाढव" करायला लागली आणि त्याचं तोंड पडलं. इक्बालभाईंनी कंदील फिरवून बघितला आणि म्हणाले, "गाढव कायको? ध्यान देके सुन रहा है वो. तुम लोगां जैसा नै."

मग सगळ्यांनाच लांब कान पाहिजे झाले!

मैद्याची खळ घरून शिजवून आणायचे. कीड लागू नये म्हणून घालतात ते विषारी मोरचूद तिच्यात टाकत नव्हते, पोरं चाटतात म्हणून. पोरं चाटतच होती. ते बघत बघत त्यांनी मॅडमना विचारलं, "मॅडम, चीन में भी बच्चे ऐसाच खळ खाते क्या?"

मॅडम म्हणाल्या, "काय माहीत हो."

इक्बालभाईंनी जरा विचार केला. "खाते होंगे," म्हणाले, आणि भांडं उचलून उंच ठेवलं.

*

कंदील झाले, पण मॅडमना त्यावर चिनी अक्षरं पाहिजे होती. फोनवरची बारीक, पोरांना रेघ दिसेना. एवढ्यात रंग न्यायला आलेल्या पोरांना माझ्या माडीवर त्या प्लास्टिकच्या कंदिलांचं जुनं खोकं सापडलं. रिकामं खोकं मी फेकत नाही, त्यात वह्या भरतो. त्यावर चार मोठी लाल अक्षरं, अगदी ठसठशीत.

"शेठ, याचा अर्थ काय?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, कंदिलाच्या खोक्यावर काय असणार? शुभच काहीतरी. आपण शुभ लाभ लिहितो तसं."

"नक्की?"

"हाव! दुकानदाराचा शब्द हाय."

पोरं भिडली. एक म्हणाला, पहिलं सोपं आहे, मधी काठी आणि दोन बाजूला दोन थेंब. दुसरी म्हणाली, पुढचं अक्षर म्हणजे होडीत बसलेली तीन माणसं. तिसऱ्या आणि चौथ्यानं मात्र पोरांचा घाम काढला. पण केलं! अठ्ठावीस सशांच्या अठ्ठावीस पोटांवर चार चार अक्षरं, काळ्या पोस्टर कलरनं.

*

कार्यक्रम पौर्णिमेच्या संध्याकाळी, चंद्र उगवायच्या वेळेला. पाहुणी म्हणून मी कुणाला बोलावलं असेल? प्रियंकाला! लातूरहून बसनं आली बिचारी. माझीच भाची, आणि मीच अगत्यानं बोलावलेली.

व्हरांड्यात अठ्ठावीस ससे उजळलेले. पालक फोटो काढून राहिलेले. केशरी दुधाचं पातेलं एका कोपऱ्यात, मॅडम नव्या साडीत. खांबाच्या अलीकडे मी, पलीकडे इक्बालभाई, इस्त्रीचा कुर्ता घालून.

प्रियंका पहिल्या कंदिलाजवळ गेली. थांबली. दुसऱ्याजवळ गेली. तिसऱ्याजवळ तिनं ओढणी तोंडाला लावली. आधी वाटलं, तिला चीनची आठवण येऊन रडू आलं. खांदे हलत होते.

"मामा," ती म्हणाली, "ही अक्षरं कुठनं घेतली?"

"खोक्यावरून. का गं?"

"मामा, अहो..." तिला हसू आवरेना.

जैनब आपला कंदील घेऊन पुढं आली. "ताई, काय लिहिलंय? सांगा ना. शुभ लाभ आहे ना?"

प्रियंकानं डोळे पुसले आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "सांभाळून. अलगद ठेवा. फुटणाऱ्या मालाच्या खोक्यावर लिहितात ते!"

सगळा व्हरांडा हसला. पालक हसले, पोरं हसली, शेजारच्या नाताळवाल्या बाई तर जरा जास्तच हसल्या. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की पायाखाली फरशी आहे का ते मी बघून घेतलं. मला कुठंतरी लपायचं होतं, आणि खांब तेवढा रुंद नव्हता.

एकटे इक्बालभाई हसले नाहीत. ते खांबाच्या पलीकडून निघाले आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तब पूछा था मैं," ते म्हणाले. "छे साल लगे, शेठ, एक खोका पढ़ने को!"

मी म्हणालो, "इक्बालभाई, ते रॅकवर तुमचे कंदील... मागं मीच टांगले होते. गिऱ्हाइकाला दिसलेच न्हाईत."

"मालूम है," ते म्हणाले. "मैं देखा था ना रॅक."

मग त्यांनी जैनबच्या हातातला ससा घेतला, कान नीट केले, आणि माझ्यासमोर धरला.

"पकड़ो. लिखा है, वैसाच."

मी दोन्ही हातांनी धरला.

एवढंच. हा किस्सा तुम्ही पुढं कुणाला तरी सांगालच, लोक सांगतात. खुशाल सांगा, हसवा. पण रॅकचं तेवढं गाळू नका. जे माझ्या नावावर आहे ते माझ्याच नावावर राहू द्या. हिशेब खरा ठेवा, एवढी विनंती.