गेटवरची झडती

"पोटात मूल आहे की आमची कॉफी?"

असं म्हणून मॅडमनं माझं पोट दाबलं. मॅडम म्हणजे मालकाची बायको. मला सातवा महिना. गेटवर बायांची रांग, वॉचमन, ट्रकचे ड्रायव्हर. मालक गाडीत बसून हसला. मग ड्रायव्हरबी हसले.

चिंचोळी एमआयडीसीत कॉफीचा कारखाना. कर्नाटकातनं बियांची पोती यायची, आमी बाया खराब बिया निवडायचो. सुटताना झडती. पदर झाडा, अंबाडा सोडा. त्या बिया चोरून आमी करणार काय? आमच्या घरात चहा.

त्या दिवशी घरी आले. पोटात पोर हलत हुतं, आन् मला त्याचीच लाज वाटली. माझ्याच लेकराची लाज वाटायला लावली त्या बाईनं.

मग एक दिवस कारखाना धुऊन काढला. परदेशात माल घेणाऱ्या कंपनीची माणसं येणार हुती. कामगारांना नीट वागवत्यात का, ते बघून मगच कॉफी घेणार. मॅडमनं मला नवी साडी नेसवून पुढं बसवलं. पोटुशी बाई बसून काम करते, दिसायला बरं.

"विचारलं तर म्हणायचं, इथं मान मिळतो. एवढंच."

तपासायला आलेली बाई पुण्याची. तिनं विचारलं, "ताई, इथं तुम्हाला मान मिळतो का?"

मी उठले. मॅडमपुढं जाऊन पदर झाडला. अंबाडा सोडला.

"घ्या की झडती, मॅडम. रोज घेता तशी. पोटबी दाबा."

"कसली झडती? काय बोलतेस तू?" मॅडम म्हणाली.

मी पुण्याच्या बाईला सगळं सांगितलं. मॅडमचा शब्द न् शब्द. मालक हसला हुता, तेबी. मॅडमचं तोंड पांढरंफटक. लई बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?

शेजारची शांतव्वा उठली, अक्कलकोटकडची. तिनंबी केस सोडले. मग सगळ्याच बायांनी.

कंपनीनं माल घेतला न्हाय. सगळ्यांना काढता येईना, म्हणून मला एकटीला काढलं.

लेक झाली. मॅडमनं माणूस धाडला. "गैरसमज झाला एवढं लिहून दे, कामावर घेतो."

मी म्हणलं, "त्यांनीच गेटवर यावं. सगळ्यांपुढं काय बोलल्या हुत्या, ते परत एकदा बोलून दाखवावं."

न्हाय आली.

आता ते नवं गिऱ्हाईक हुडकत्यात. शांतव्वा अजून कारखान्यात कामाला हाय. नवं गिऱ्हाईक यायचं असलं की ते कोण, कुठलं, सांगायला तिचा फोन येतो. लोक म्हणत्यात, झालं गेलं, सोड की. न्हाय सोडणार. ती बाई जितक्या दारांत कॉफी इकायला जाईल, तितक्या दारांत तिच्या आधी मी जाऊन उभी राहीन. लेकीला कडेवर घेऊन.