बंधन बाईंवर होतं

जपानमधल्या कावासाकी शहरातल्या ऑफिसात आम्ही चौघंच होतो. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीची छोटी शाखा, कागदपत्रं माझ्याकडे. एका उन्हाळ्यात सरकारच्या पगार-पाहणीत आमचा नंबर लागला. पाहणीच्या बाई साठीच्या, सायकलवरून आल्या. नावं नकोत म्हणाल्या. प्रत्येकाचं वय, कामाचे तास, पगार, एवढंच. ते सांगणं आम्हाला कायद्याने भाग होतं, आणि ते कुणाला न सांगणं त्यांना.

"कर खात्यालाही नाही?" मी विचारलं.

"माझ्या नवऱ्यालाही नाही. बोलले तर शिक्षा आहे." चहालाही त्या नको म्हणाल्या.

चौघांतला एक माझा मित्र. आम्ही जपानला एकत्र आलो, टोकियोच्या निशी-कसाई भागात एकाच इमारतीत राहायचो. त्याचं क्लायंटकडचं काम संपलं होतं आणि पुण्याने त्याचा भत्ता बंद केला होता. मी बाईंना त्याचा आकडा सांगत होतो तेव्हा तो शेजारच्या टेबलाशीच होता. त्या गेल्यावर म्हणाला, "घरी अजून बोललो नाहीये रे. नवं काम लागलं की सांगतो. तोवर शिलकीतून भागतंय."

त्या संध्याकाळी जेवताना मी बाईंची गंमत बायकोला सांगितली. नवऱ्यालासुद्धा सांगत नाहीत म्हणे.

"मग तूही नको सांगूस मला," आमटी वाढताना ती हसून म्हणाली.

आपल्यात तसं काही नसतं हे दाखवायला मी मित्राचं सगळं सांगून टाकलं. तिने विचारलंही नव्हतं. आपल्याला आतलं माहीत आहे, याची मला थोडी मजा वाटत होती. हे आजवर कुणाला बोललो नाही.

बायको चहाडखोर नाही. तिला वाईट वाटलं, इतकंच. मुलींच्या शाळेची बस यायची होती, तेव्हा ती त्याच्या बायकोला म्हणाली, "फी दोन हप्त्यांत भरता येते. मी विचारून ठेवलंय."

"आम्हाला कशाला?"

माझी बायको मुलीचं दप्तर नीट करू लागली. तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला. "पगाराचं तिला काही नाही. शेजारणीला माहीत आणि मला नाही, म्हणते. आणखी काय काय लपवलंयस, विचारते."

"सहज बोललो रे."

त्याने मान हलवली. त्यानंतर तो मला अरे म्हणाला नाही. आडनावाला जपानी आदराचं 'सान' लावून, तुम्ही म्हणत, मराठीतच बोलायचा. बाकीचे दोघं चिडवायचे, "नवराबायकोसारखे रुसलात की काय?"

सुट्टीत त्याची बायको मुलीला घेऊन पुण्याला गेली, ती परत आलीच नाही. दिवाळीनंतर तोही गेला. तिथे ते एकत्र राहिले की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मधे एकदा ऑफिसखालच्या कोन्बिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, पाहणीच्या बाई दिसल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि दूध घेऊन गेल्या. तेव्हा मला राग आला होता.

पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा आल्या.

"गेल्या वर्षी चार होते. एक कमी?"

"हो. तो माझा मित्र होता. त्याचं असं झालं की," मी सुरू केलं. निदान या बाई कुठे बोलणार नाहीत, असं मनात होतं.

"ते मला विचारायचं नसतं," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचं वय?"

मी वय सांगितलं.