रुमालाखालचा भाव

मी जे लिहिते ते माणसं वाचत नाहीत. हे आईला समजावताना माझी पार दमछाक झाली होती. एक आभासी नाणं देऊन दुसरं घ्यायचं असलं, तर या घडीला पदरात किती पडेल, एवढंच सांगणारं एक साधन आहे. त्याला विचारणारा माणूस नसतो, माणसानं कामाला लावलेला एआय एजंट असतो. काय विचारायचं, उत्तर कसं येईल, हे त्या एजंटला कळेल असं लिहून ठेवणं, हे माझं काम. आणि सगळ्यात वर ठसठशीत लिहायचं की हा नुसता भाव आहे, व्यवहार नाही.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंजी तुज्या आबांचंच काम की. फकस्त बैल न्हाईत."

आबा, म्हणजे माझे वडील, वेल्ह्याकडचे बैलांचे दलाल. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमाल टाकायचा, त्याखाली एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, सोडायची. भोवती माणसांचा गराडा असला तरी भाव त्या दोघांनाच ठाऊक. लहानपणी मी खूप मागे लागले, पण आबांनी ती बोटांची भाषा मला काही शिकवली नाही. "पोरीच्या जातीला काय करायचंय?" म्हणायचे. मला राग यायचा. अजूनही येतो.

त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा आई-आबा दोघांना मी भोरला माझ्याकडे आणलं. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डावा हात तेवढा शाबूत राहिला. बाहेरच्या खोलीत त्यांची खाट, खाटेशेजारी माझी खुर्ची, मांडीवर लॅपटॉप. थंडीचे दिवस होते. एका दुपारी आबांनी माझा हात ओढून शालीखाली घेतला आणि बोटं दाबायला लागले.

दोन बोटं. मग पंजा. मग मधलं बोट अर्ध्यात मुडपलं.

शालीखाली भाव चालला होता आणि मला तो कळत नव्हता. मी विचारत सुटले. "आबा, बैल? वावर? गावाकडं जायचंय?" ते नुसती बोटं दाबत राहिले. दुसऱ्या दिवशी बोटं वेगळी, तिसऱ्या दिवशी आणखी वेगळी. मला त्यात नवल वाटलं नाही. भाव घडीघडीला बदलतो, हे तर मीच एजंटांसाठी लिहीत होते. मी आकडे जुळवत बसले. जमिनीचा गट नंबर लावून पाहिला, विकलेल्या बैलांच्या किमती आठवून पाहिल्या. हाती भोपळा. मग एका हातानं टाइप करायला शिकले आणि दुसरा त्यांच्याकडे राहू दिला.

माघात आबा गेले. काय मागत होते, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर खरी पंचाईत सुरू झाली. खाट काढली, पण खुर्ची तिथंच राहिली. दिवेलागणीला लिहीत बसले की माझ्या उजव्या हाताची बोटं आपोआप मुडपायची. दोन. पंजा. मधलं अर्ध्यात. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तरी मी मांडीवर शाल घ्यायचं सोडून दिलं. मला भीती वाटत होती. आबा येतील याची नव्हे. माझ्या बापानं मरताना काहीतरी मागितलं आणि ते देण्याजोगं असूनही माझ्याकडून राहून गेलं, याची.

त्यातच कामावरून निरोप आला. एक एजंट दिवसभर त्याच दोन नाण्यांचा भाव विचारतोय, अदलाबदल मात्र करत नाही. तेव्हा माहितीत एक ओळ घाला की कारणाशिवाय तोच भाव पुन्हा पुन्हा विचारू नये. मी नोंदी उघडून पाहिल्या. खरंच, तोच प्रश्न एकाखाली एक. उत्तर मिळत होतं, शिळं होत होतं, की लगेच पुन्हा तोच प्रश्न. त्याला कामाला लावणारा माणूस कधीच उठून गेला असेल आणि हा बिचारा रिकाम्या बाजारात भाव करत बसला असेल, असं मनात आलं. मी लॅपटॉप मिटला.

आई समोर पावटे सोलत बसली होती. मी तिला तिन्ही खुणा करून दाखवल्या. म्हटलं, "तुला तरी काही कळतं का गं?"

आईनं एकदा पाहिलं आणि हसली. "ह्यो भाव न्हाईच. बाजारात गिऱ्हाईक उठाया लागलं, की त्येचा हात धरून ह्ये नुसती बोटं चाळवायचे. बघनाऱ्याला वाटायचं सौदा चाललाय. गिऱ्हाईक बी इचारात पडायचं आन् बसून ऱ्हायचं. घरी येऊन सांगायचे, आज दुपार रिकाम्या बोटांवर काढली."

"पण मला कशाला?"

"तू ते लॅपटॉप उचलून आत जायाला निघालीस, की बोटं दाबायचे. येरवी हात नुसता धरून ऱ्हायचे."

मी आठवून पाहिलं. खरं होतं. फोन वाजला, मी उठायला लागले, की शालीखाली बोटं हलायला लागायची. आकड्यांच्या नादात ते कधी ध्यानातच आलं नव्हतं. ते काहीच मागत नव्हते. मी जाऊ नये, एवढंच.

माझा आवाज चढला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस? मी इथं किती दिवस डोकं फोडून घेतेय!"

आई पावटे सोलतच होती. "सांगितलं असतं तर बसली असतीस?"

मला रडू आलं, आणि आईनं ते येऊ दिलं. बाहेर स्टँडवर वेल्ह्याची एसटी लागल्याचं पुकारत होते. जरा वेळानं तिनं साली पदरात गोळा केल्या आणि टाकून यायला उठली. मी खुर्चीवरची शाल तिच्या हातावर टाकली, खालून तिची बोटं धरली आणि दाबली. दोन. पंजा. मधलं अर्ध्यात.

"काय गं?" आई म्हणाली.

"काही नाही. भाव सांगतेय."

साली तशाच पदरात धरून आई परत खाली बसली.