कारण: इच्छा नाही

माझ्या धाकट्या भावाला गल्लीत सगळे ‘पेन्शनर’ म्हणतात. वय बेचाळीस. पेन्शन कसली, डोंबलाची! पंपाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं लेथवर काढली त्यानं. केसाइतका फरक नुसत्या बोटांनी ओळखायचा. कारखान्याला टाळं लागलं आणि पुढची तीन वर्षं हा दारोदार फिरला. कुठे मशीन नवं म्हणून नको, कुठे वय जास्त म्हणून नको. शेवटी हिंडायचा थांबला, आणि लोकांनी त्याला खायला काळ नि भुईला भार ठरवून टाकलं.

मी रोजगार पाहणीत आहे. टॅबलेट घेऊन घरोघर जायचं आणि विचारायचं, कोण काम करतं, कोण काम शोधतं आणि कोण दोन्हीही करत नाही. हे शेवटचे आमच्या हिशेबात बेकारसुद्धा नसतात. सरळ बाहेर! असे तरणेताठे पुरुष किती निघतात यावरून म्हणे वरचे लोक बाजाराची नाडी बघतात. बघोत बापडे.

या खेपेला नेमकं भावाचंच घर यादीत निघालं. नात्यातलं घर घ्यायचं नाही असा नियम आहे, पण माझ्याबदली जाणारी, कामातली जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर. “उरकून टाका हो, कोण बघतंय,” साहेब म्हणाले.

मी गेले तेव्हा भाऊ आईची कूस बदलून देत होता. आई चार वर्षं अंथरुणाला खिळलेली. दर दोन तासांनी तिला वळवावं लागतं. पलंगाला त्यानं लोखंडी दांडा बसवलाय, बरोबर तिच्या मुठीच्या मापाचा. चार वर्षांत तिच्या पाठीवर एक जखम नाही. भावजय इस्पितळाच्या धुलाईखान्यात जाते, म्हणजे स्वयंपाक, भांडी, केर, सगळं ह्याच्याच गळ्यात.

“विचार ताई,” हात पुसत तो म्हणाला. “सरकारी आवाजात विचार.”

“गेल्या आठवड्यात काम केलंत?”

“मग हे काय, गोट्या खेळतोय?”

“पगाराचं रे.”

“नाही.”

“गेल्या महिन्यात शोधलंत?”

“नाही.”

“मिळालं तर कराल?”

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. “हिला कोण वळवणार?”

“मग काम न करण्याचं कारण?”

“लिही,” तो शांतपणे म्हणाला, “बहीण कामावर जाते.”

त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. दोन वर्षांपूर्वी एका वर्कशॉपवाल्यानं त्याला बोलावलं होतं. आईला अर्धा दिवस मी सांभाळायचं ठरलं होतं. ऐन वेळी मीच अंग काढून घेतलं. “माझं नाव कायम होणाऱ्यांच्या यादीत आहे रे. तू तसाही घरीच असतोस.” तो बरं म्हणाला, एवढंच. मी अजून कायम झालेली नाही.

टॅबलेटवर कारणं ठरलेली असतात: शिक्षण, आजार, घरकाम, इच्छा नाही. माझं बोट घरकामावर गेलं आणि तिथेच थबकलं. पुरुषापुढे घरकाम टाकलं की फॉर्म परत येतो, ‘चूक तपासा’ म्हणून. माझे दोन तसे परत आलेत. तिसरा आला की कायमच्या यादीतून नाव कट. त्यात हे सख्ख्या भावाचं घर, उद्या चौकशी लागली तर साहेब हात झटकून मोकळे. मी ‘इच्छा नाही’ दाबलं. माझ्या ह्याच बोटानं दाबलं, जळो मेलं!

“काय लिहिलंस?” त्यानं विचारलं.

“घरकाम,” मी म्हणाले.

त्याचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. “बरं केलंस ताई. कुणीतरी याला काम म्हणालं.” मग आईच्या कानाशी वाकून मोठ्यानं ओरडला, “ऐकलंस का गं, तुझ्या लेकाला सरकारनं कामावर घेतलं!” आई तोंड भरून हसली.

मी टॅबलेट पिशवीत कोंबला.

“थांब, चहा टाकतो,” तो म्हणाला. “आणि आता आलीच आहेस तर तिला एकदा वळवून जा. हात लावलास की तिला बरं वाटेल.”

मी चपला घातल्या.

“आज नको रे,” म्हणाले, “मला कामावर जायचंय.”