हळदीच्या दिवसांतलं गोड दूध

आमच्या घरी हळद शिजायला लागली की लेकरं रडायची बंद व्हायची. लग्न होऊन आले त्या पहिल्याच वर्षी हे माझ्या ध्यानात आलं होतं. पण तेव्हा मला लेकरू नव्हतं, म्हणून मी त्याचा विचार केला नाही.

मळा वसमतच्या रस्त्याला होता. माघ सरता सरता सगळं घर तिकडे मुक्कामाला जायचं. मोठी कढई, तिच्याखाली जाळ, वरून हळदीचा पाला आणि ओलं गोणपाट. वाफ इतकी की येणाऱ्या माणसाचे आधी पाय दिसायचे आणि मग कधीतरी तोंड. सासूबाईंचं म्हणणं होतं, कढई उकळत असताना लेकराचं रडं तिच्यावरून गेलं तर गड्डे आतून कच्चे राहतात. दुसऱ्या कुणाच्या घरी असं मानत होते की नाही, मला माहीत नाही. आमच्याकडे मानायचे. म्हणून सकाळी जाळ घालायच्या आधी माझी थोरली जाऊ लेकरांना गोड दूध पाजायची.

त्या दुधाचा वास आजही मला ओळखता येईल. खडीसाखर, वेलदोडा, थोडं जायफळ, आणि जडीबुटी विकणाऱ्या वसमतच्या अत्ताराकडून आणलेली खसखशीची वाळकी बोंडं. बोंडं फोडून ती दुधात उकळायची आणि फडक्यानं गाळून घ्यायची. रंग किंचित तपकिरी यायचा. जाऊबाईंचे दोघे मुलगे, एक पाच वर्षांचा आणि एक तीनचा, वाटी हातात धरून रांगेनं बसायचे. साधं दूध दिलं तर तोंड फिरवायचे.

माझी मुलगी सव्वा वर्षाची झाली तेव्हा तिला घेऊन मी पहिल्यांदा मळ्यात गेले. पहिल्या दिवशी ती खूप रडली.

सासूबाई म्हणाल्या, "धाकले, तुझ्या पोरीचा आवाज लई खणखणीत हाय. पोरगं अस्तं तर गावात दवंडी द्यायला ठेवलं अस्तं."

जाऊबाई हसून म्हणाल्या, "आत्याबाई, तिला माझं गोड दूध पिऊ द्या, मग बघा. नाकावर माशी बसली तरी हलायची न्हाई."

त्यांनी वाटी तिच्या तोंडाला लावली. मुलीनं एक घोट घेतला, ओठ चाटले आणि वाटी दोन्ही हातांनी धरली. सगळ्या जणी हसल्या. मीही हसले. लेकरू आवडीनं पितं म्हणजे ते त्याला मानवतं, असंच आम्ही सगळ्या धरून चाललो होतो.

चार-पाच दिवस बरे गेले. मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. बाभळीच्या सावलीत गोधडीवर तीन लेकरं उताणी पडलेली असायची. झोपलेली म्हणावी तर डोळे अर्धवट उघडे. वाफ त्यांच्या अंगावरून सरकत जायची, ऊन पायांवरून पोटावर यायचं, तरी कुणी कूस बदलत नव्हतं. एकदा मुलीच्या डोळ्याच्या कडेला खरंच माशी बसली. ती बुबुळाकडे चालत गेली. मुलीनं पापणी मिटली नाही. मी फडकं मारलं, तेव्हाही मिटली नाही. तिचे डोळे माझ्याकडे होते, पण ती माझ्या मागे कुणीतरी उभं असल्यासारखं बघत होती. मी वळून पाहिलं. नुसती वाफ होती.

ती अंगावर पिईना. मांड्या सैल पडल्या. "बा" म्हणायची ते म्हणेना. तिला उचललं की मान माझ्या हातावरून मागे जायची, तान्ह्या लेकरासारखी.

मला बोलता येत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले होते, पोथी वाचून दाखवायचे, पण घरातल्या मोठ्या बायकांपुढे माझा आवाज गळ्यातच राहायचा. शिवाय बोलायचं तरी काय? जाऊबाई वाईट नव्हत्या. स्वतःच्या मुलांना जे देत होत्या तेच माझ्या मुलीला देत होत्या, तेही वरची साय घालून.

म्हणून एका सोमवारी मी वेगळंच केलं. माझा उपास होता, पण उपासाला दूध चालतं. मुलीला पाजायला वाटी आणि दुधाचा तांब्या मागून घेतला, आडोशाला गेले आणि स्वतःच प्यायले. तांब्याच्या तळाला घट्ट राहिलं होतं, तेही पिऊन टाकलं. चव इतकी चांगली होती की आणखी असतं तर मी आणखी प्यायले असते.

मग मुलीला मांडीवर घेऊन झाडाला टेकून बसले. थोड्या वेळानं पाय आपले राहिले नाहीत असं वाटलं. मग हात. दुखत काहीच नव्हतं. भीतीही वाटत नव्हती. कढईचा बुडबुड आवाज ऐकू येत होता, पण तो फार लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. त्या दिवशी मुलीच्या पोटात दूध नव्हतं, म्हणून ती जागी होती. ती मांडीवरून उतरली आणि रांगत निघाली. सरळ जाळाकडे.

मला ते दिसत होतं. तिचे तळपाय एकामागून एक वाफेत शिरले. मी हाक मारायचं ठरवलं, आणि ठरवण्यातच वेळ गेला. हाक मारली असंही मला वाटलं, पण तोंड मिटलेलंच होतं. मग मला असं वाटलं, आणि हे लिहायला मला आजही लाज वाटते, की जाऊ दे.

वाफेतून रडं आलं. गेले कितीतरी दिवस तो आवाज मी ऐकला नव्हता. बायका कढई सोडून धावल्या. जाऊबाईंनी तिला उचलून आणलं. उडालेल्या ठिणगीनं तळहात भाजला होता, बाकी काही नव्हतं.

"डोळ्यासमोर पोरगी जाळात चालली, अन् तू काहून गप बसून राहिली?" असं ओरडत त्या माझ्याजवळ आल्या. मग थांबल्या. माझी हनुवटी धरून डोळ्यांत पाहिलं. खाली पडलेला तांब्या पाहिला.

"तू पिली?"

मी मान हलवली.

"सगळं?"

सासूबाई पलीकडून विचारत होत्या, "काय झालं गं तिला? रडं गेलं ना कढईवरून?" जाऊबाई गोधडीवरच्या आपल्या दोन मुलांकडे पाहत होत्या. इतका आरडाओरडा झाला, पण ती दोघं उठली नव्हती.

संध्याकाळी जीभ हलायला लागल्यावर मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, माझ्या लेकराला ते दूध द्यायचं न्हाई." त्यांच्यासमोर मोठ्यानं बोललेलं माझं ते पहिलं वाक्य असेल. त्यांनी कढईतला गड्डा काढून त्यात काडी टोचली. काडी आरपार गेली. हळद शिजली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझं लेकरू, तुझी मर्जी."

दुसऱ्या दिवसापासून मुलीला साधं दूध द्यायला लागले, आणि खरी तकलीफ सुरू झाली. ती रडायची, जांभया द्यायची, नाक गळायचं, अंग थरथरायचं. दूध ओकायची. जुलाब लागले. रिकाम्या वाटीला बोट लावून चाटायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. सगळ्या जणी म्हणायच्या, "साधं दूध तिला सोसत न्हाई बाई. गोडच मानवत व्हतं. एक वाटी दे, बघ कशी बराबर होते." आणि ते खरं होतं. एक वाटी दिली असती तर ती लगेच गप झाली असती. तिसऱ्या दिवशी मी दोन बोंडं हातात घेऊन चुलीपर्यंत गेले. ती हलवली की आत दाणे खुळखुळत होते, लेकराच्या खुळखुळ्यासारखे. मी ती जाळात टाकली.

जाऊबाईंनी त्या वर्षी आपल्या मुलांचं दूध चालूच ठेवलं. पुढच्या वर्षी अत्ताराकडून बोंडं आणली नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी मुलगी अंगावर पोटभर प्यायली आणि झोपली. डोळे पूर्ण मिटलेले, मुठी वळलेल्या, श्वास सारखा. सासूबाई म्हणाल्या, "झोपली ना गं? आता टेक जरा." मी टेकले नाही. नाकाखाली बोट धरून बसले. श्वास लागत होता, तरी मला खात्री वाटेना. शेवटी मी तिच्या मांडीला चिमटा काढला. ती दचकून उठली आणि मोठ्यानं रडायला लागली. मी ते पुरतं ऐकून घेतलं. मगच तिला थोपटून पुन्हा झोपू दिलं.